जुन्या मोटरहोमचा जनरेटर ऑइल गाळतोय? सील बदलण्याआधी ब्रीदर उघडा

अमेरिकेत किंवा कॅनडात ऐंशी-नव्वदच्या दशकातला मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतला असेल, तर त्यात बहुधा ओनानचा जनरेटर असतो. मिनीॲपोलिसमध्ये १९२० साली सुरू झालेली ही कंपनी आता कमिन्सकडे आहे. कोथरूडच्या कारखान्यामुळे पुणेकरांना ते नाव परकं नाही. या काळातल्या गाड्यांमध्ये एमराल्ड मालिकेतले बीजीई आणि एनएचई हे जनरेटर सर्रास आढळतात: पेट्रोलवर चालणारे, हवेने थंड होणारे, समोरासमोर आडवे दोन सिलेंडर असलेले. हा लेख त्यांच्याविषयी आहे. इंजिनं दणकट आहेत, नीट ठेवली तर वर्षानुवर्षं साथ देतात. पण वय झालं की ऑइल गाळायला लागतात, आणि नवखा मालक पहिल्याच रविवारी पाना घेऊन दिसेल तो बोल्ट आवळत सुटतो किंवा सील (फिरत्या शाफ्टभोवती ऑइल अडवणारी कडी) मागवून मोकळा होतो.

माझं सांगणं एकच आहे. ऑइल बाहेर का ढकललं जातंय हे कळल्याशिवाय कुठलंही पॅकिंग बदलू नका. या इंजिनांत त्या ‘का’चं उत्तर बऱ्याचदा ब्रीदर नावाच्या एका छोट्या झडपेत सापडतं. ती साफ करायला फार पैसे लागत नाहीत.

आधी पाटी वाचा

जनरेटरच्या पत्र्यावर एक पाटी असते. तिच्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि मॉडेलच्या शेवटी येणारं ‘स्पेक’ अक्षर लिहून घ्या, फोटोही काढा. एकाच नावाच्या जनरेटरमध्ये स्पेक अक्षरानुसार भाग बदलतात. ‘ओनान ४ किलोवॅट’ एवढंच सांगून मागवलेलं पॅकिंग बसेलच असं नाही. याच नंबरवरून सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. बोल्ट किती आवळायचे, ऑइल कोणतं आणि किती, हे सगळे आकडे तिथूनच घ्यायचे. इंजिनाचं क्रँककेस, म्हणजे क्रँक आणि ऑइल सामावणारं त्याचं पोट, ॲल्युमिनियमचं आहे, अंदाजाने आवळलं तर आटे जातात आणि दोन डॉलरचं काम दोनशेवर पोचतं.

हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. जनरेटर खालच्या बाजूने उघडत असेल तर केवळ गाडीच्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. दाब सुटला की गाडी खाली बसते. भक्कम जॅक-स्टँड हवेत.

बॅटरीची ऋण तार काढून ठेवा. हा जनरेटर गाडीच्या आतल्या बटणानेही सुरू होतो. तुमचा हात पंख्याजवळ असताना आतून मुलाने सहज बटण दाबलं, तर काय होईल ते सांगायला नको. बाहेरून घेतलेली शोअर पॉवरची वायर काढा. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. आणि चाचणीसाठी जनरेटर चालवाल तेव्हा तो उघड्यावरच चालवा, दार उघडं ठेवलेल्या गॅरेजमध्येसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीतला त्याचा अलार्म चालू आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे आधीच बघून घ्या.

डिपस्टिक ओढा, वास घ्या

पहिली तपासणी फुकटची आहे. जनरेटर बंद असताना डिपस्टिक काढून पातळी बघा. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल, तर गळतीचं कारण कदाचित एवढंच. गाडी तिरकी उभी असताना पातळी बघून वरून ऑइल ओतत राहिल्याने असं होतं. जास्तीचं ऑइल आत घुसळलं जातं, फेसाळतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. जादा ऑइल काढा, पुसा, पुन्हा चालवून बघा.

आता डिपस्टिक नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास येतोय का? ऑइल पाण्यासारखं पातळ लागतंय का? पातळी आपोआप वाढलीय का? तसं असेल तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय. यांत्रिक पंप असलेल्या आणखी जुन्या मॉडेलांत पंपाचा डायफ्राम फाटूनही पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. अशा अवस्थेत जनरेटर सुरूच करू नका. क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. आधी इंधनाचा बिघाड काढा, ऑइल आणि फिल्टर बदला, मग गळतीकडे वळा. पातळ झालेलं ऑइल धडधाकट सीलमधूनही पाझरतं, त्यामुळे पुष्कळदा एवढ्यावरच गळती थांबते.

धुऊन घ्या, मगच शोधा

तीस वर्षांचा चिकट थर असलेल्या इंजिनावर गळती कुठून होतेय हे कुणालाच दिसत नाही. डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, कापडाने पुसा. प्रेशर वॉशर वापरू नका. पाणी विजेच्या भागात, कंट्रोल बोर्डमध्ये आणि एअर क्लीनरमध्ये शिरतं. हे भाग प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका आणि कमी दाबाचं पाणीही जपून वापरा. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर इंजिन पूर्ण थंड हवं, जवळ ठिणगी किंवा पायलट ज्योत नको.

पंख्याभोवतालचा पत्रा काढता आला तर सिलेंडरच्या पात्यांमधला मळ जरूर काढा. गळालेलं ऑइल पंखा उडवतो, त्यावर धूळ बसते आणि पात्यांवर गोधडी तयार होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नसतो, ही पाती बुजली की इंजिन तापतं, आणि तापलेल्या इंजिनात सील कडक होऊन गळती आणखी वाढते. या एका कारणासाठी तरी थोड्याशा गळतीकडे काणाडोळा करू नये.

वाळल्यावर संशयित जोडांवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे हलका मारा. ऑइल पाझरलं की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ऑइलमध्ये घालायचा अतिनील रंगही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. तो घालून जनरेटर चालवायचा आणि संध्याकाळी अतिनील टॉर्च मारायचा, गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते. अर्धा तास लोड देऊन चालवा. बिनलोडचा जनरेटर पुष्कळदा एक थेंबही टाकत नाही. छतावरचा एसी किंवा १५०० वॉटचा हीटर लावला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि खरं काय ते कळतं.

बघताना नेहमी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधा. ऑइल खाली ओघळतं, आणि गाडी पळताना वारा त्याला मागे नेतो. जमिनीवर थेंब पडतो ती जागा फारसं काही सांगत नाही. थेंब लालसर असेल तर तो बहुधा जनरेटरचा नाही, गाडीच्या गिअरबॉक्सचा वगैरे असेल.

ब्रीदर: इथे वेळ घाला

या इंजिनात दोन पिस्टन समोरासमोर आहेत आणि ते दोन्ही एकाच वेळी आत येतात, एकाच वेळी बाहेर जातात. म्हणजे दोन्ही आत आले की क्रँककेसमधली जागा अचानक कमी होते, मॉडेलनुसार पाऊण ते एक लिटरने. दोन्ही बाहेर गेले की तेवढीच वाढते. जनरेटर ६० हर्ट्झ वीज देण्यासाठी मिनिटाला १८०० फेरे घेतो, म्हणजे हा भाता मिनिटाला १८०० वेळा चालतो. गाडीच्या चार सिलेंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर तर दोन खाली असतात, त्यामुळे तिथे हा प्रकार इतका तीव्र नसतो.

या भात्याला काबूत ठेवतो तो ब्रीदर. त्यात एकाच दिशेने उघडणारी पातळ झडप असते. पिस्टन आत आले की हवा तिच्यातून बाहेर पडते आणि नळीवाटे एअर क्लीनरकडे जाते. पिस्टन बाहेर गेले की झडप मिटते, हवा परत आत येऊ शकत नाही. परिणामी चालू इंजिनाच्या पोटात बाहेरच्यापेक्षा थोडा कमी दाब राहतो. मग सील थोडं जुनं असलं तरी ऑइल बाहेर पडण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. झडप काजळीने चिकटली, वाकली किंवा नळी तुंबली की उलटं होतं: पोटात दाब भरतो आणि नवंकोरं सीलसुद्धा ऑइल गाळतं. नवीन सील टाकूनही आठवड्यात गळती परत आली, अशी तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न ब्रीदरचाच विचारतो.

ब्रीदर शोधणं सोपं आहे. एअर क्लीनर किंवा कार्ब्युरेटरकडून निघालेली जाडसर रबरी नळी इंजिनाकडे जिथे जाते, तिथल्या झाकणाखाली तो असतो. नळी काढा, आत चिखल साचलाय का, चीर पडलीय का, कुठे मुडपलीय का ते बघा. जुनी नळी बाहेरून ठीक दिसते आणि आतून फुगून बंद झालेली असते, म्हणून तिच्यातून फुंकून बघा. झाकण काढताना प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. आत झडप आणि बहुतेक वेळा तारेची जाळी मिळेल. दोन्ही सॉल्व्हंटमध्ये धुवा आणि वाळवा. झडपेचं पातं सपाट आहे का आणि बैठकीवर चपखल बसतंय का ते उजेडात धरून तपासा. पातं वाकलं असेल तर सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका, नवीन घ्या.

परत बसवताना झाकणाचं पॅकिंग नवीनच टाका आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आवळा. जास्त आवळलं की पत्र्याचं झाकण वाकतं, कडेने हवा आत शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

मिनेसोटात, अल्बर्टात किंवा तशाच थंडीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जनरेटर थोडाच वेळ चालवून बंद केला की आतल्या हवेतलं बाष्प ब्रीदरच्या नळीत साचून गोठतं. कडाक्याच्या थंडीत अचानक ऑइल बाहेर आलं, तर बर्फाचा संशय आधी घ्या.

दाब मोजायची घरगुती रीत

ब्रीदर नीट झाला की नाही, हे पाण्याच्या नळीने कळतं. पाच-सहा फूट पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, फळीवर इंग्रजी ‘यू’ आकारात बांधा, दोन्ही भुजा दोन-अडीच फुटांच्या ठेवा. अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक भोक पाडलेल्या रबरी बुचातून ऑइल भरायच्या तोंडात घट्ट बसवा, दुसरं टोक मोकळं ठेवा. हे सगळं इंजिन बंद असताना. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण किंवा डिपस्टिक कधीही काढू नका, गरम ऑइल अंगावर उडतं.

जनरेटर सुरू करा आणि गरम होऊ द्या. इंजिनाच्या बाजूचं पाणी वर चढलं तर आत खेच आहे, म्हणजे तब्येत चांगली. ते खाली ढकललं गेलं आणि मोकळ्या टोकाकडे चढलं, तर आत दाब भरतोय. पाणी जागच्या जागी थरथरत राहिलं तर झडप मिटत नाहीये किंवा बूच, झाकण, डिपस्टिक यांच्यातून हवा शिरतेय. किती खेच हवी त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. आता लोड लावून पुन्हा बघा. बूच काढण्याआधी इंजिन बंद करा.

ब्रीदर स्वच्छ, तरीही दाब?

मग पिस्टनच्या रिंगांमधून जळता वायू खाली उतरतोय. आपल्याकडचे मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन दाबतो तेव्हा तयार होणारा दाब, मोजा. ही बाजूला व्हॉल्व्ह असलेली जुन्या घडणीची इंजिनं आहेत, त्यांचा आकडा कारच्या आकड्याशी ताडून घाबरू नका. दोन सिलेंडरमध्ये फरक किती, हे महत्त्वाचं. सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायची युक्ती इथे पुरती भरवशाची नाही, कारण सिलेंडर आडवे आहेत आणि ऑइल खालच्या बाजूलाच साचतं. त्याऐवजी लीक-डाउन चाचणी करा: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. हवा भरताना क्रँक अचानक फिरू शकतो, त्यामुळे हात पंख्यापासून लांब ठेवा.

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या जनरेटरमध्ये रिंगा झिजण्याऐवजी खाचेत चिकटून बसलेल्या असतात. ताजं ऑइल घालून काही तास अर्ध्या लोडवर चालवल्यावर त्या मोकळ्या होण्याची शक्यता असते, हे करून बघायला हरकत नाही. त्यानंतरही पाणी उलटं ढकललं गेलं तर सीलवर खर्च करू नका. इंजिन उघडायचं की दुसरा जनरेटर शोधायचा, एवढाच हिशेब उरतो.

सोप्या गळत्या

पोटातला दाब ठीक असेल तर आता जोडांकडे या. सोप्यापासून सुरुवात करा.

ऑइल फिल्टरखाली ओलं असेल तर फिल्टर काढून बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि नव्याची तिच्यावर बसते. दोन रिंगा एकावर एक आल्या की गळती ठरलेलीच. बैठक पुसा, नवीन रिंगेला ऑइल लावा, फिल्टर फक्त हाताने आवळा. ड्रेन प्लगचा वॉशर बदला. काही गाड्यांत प्लगऐवजी ड्रेनची नळी जोडलेली असते, ती तडकली की हुबेहूब इंजिनाच्या गळतीसारखी दिसते. ऑइल भरायच्या झाकणाचं आणि डिपस्टिकचं रबर काचेसारखं कडक झालं असेल तर तेही बदला, कारण त्यातून ऑइल बाहेर येतं आणि हवा आतही जाते.

ऑइल प्रेशर स्विच आठवणीने बघा. दाब पडला की जनरेटर बंद करणारा हा छोटा भाग म्हातारपणी मधूनच, तारेच्या टोकाजवळ पाझरतो. तारेवरून ऑइल लांबवर ओघळतं, म्हणून सहज सापडत नाही. बदलणं मात्र सोपं. आट्यांवर सीलंट थोडंसंच लावा आणि शेवटचा आटा कोरडा ठेवा. स्विचची तार काढून त्याला गप्प बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ऑइल संपल्यावर इंजिन वाचवणारा तोच आहे.

व्हॉल्व्हच्या कप्प्याच्या झाकणांचं पॅकिंग बदलताना जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा ही नवीन गळतीची वाट असते. झाकण काचेवर ठेवून सपाट आहे का बघा. बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरचे आवळा. सिलिकॉन भरभरून लावायची सवय इथे घातक आहे: दाबल्यावर बाहेर आलेलं तुम्हाला दिसतं, तेवढंच आत सुटतं आणि ऑइल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसतं. मॅन्युअलने सांगितलं असेल तिथेच, पातळ रेघ ओढा.

पुढचं सील

पंख्याच्या पत्र्याच्या आत, फ्लायव्हीलमागे ऑइल दिसत असेल तर क्रँकशाफ्टचं पुढचं सील किंवा गिअर कव्हरचं पॅकिंग गेलंय. हातात थोडं कसब असेल तर हे काम घरी होतं. फ्लायव्हील पुलरनेच काढा. हातोडीचे घाव घातले तर ते तडकतं, आणि तडकलेलं फ्लायव्हील १८०० फेऱ्यांवर फुटलं तर जिवावर बेतेल. शाफ्टची चावी (फ्लायव्हील आणि शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) जपून ठेवा.

जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. मग शाफ्टवरून नख फिरवा. सीलच्या ओठाने खाच पाडली असेल आणि नख अडकत असेल, तर नवीन सील त्याच खाचेवर बसून गळेल. त्यासाठी शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते, ती घाला. नवीन सीलचा ओठ ऑइलच्या बाजूला, म्हणजे आत. ओठाला ऑइल लावा, चावीच्या खाचेवर टेप गुंडाळा म्हणजे ओठ कापला जाणार नाही, आणि सीलच्या व्यासाच्या पाइपने चारी बाजूंनी सारखं ठोकत सरळ बसवा.

मागचं सील आणि तळाचं पॅकिंग

इंजिन आणि वीज तयार करणारा भाग यांच्या मधून ऑइल गळत असेल तर मागचं सील गेलंय. त्यासाठी जनरेटर गाडीतून उतरवावा लागतो. वजन शंभर किलोच्या वर आहे, लिफ्ट टेबल लागतं. पुढे वीज तयार करणाऱ्या भागातला स्थिर स्टेटर आणि फिरणारा रोटर काढायचे, ब्रश आधी बाजूला घ्यायचे, रोटर शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. नवख्याने हे पहिल्या वर्षी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या ओनानचं काम करणारा मेकॅनिक शोधा आणि पाण्याच्या नळीची तुमची नोंद त्याला दाखवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसेही. जनरेटर उतरवलाच आहे, तर इंजिनाखालच्या ऑइल बेसचं पॅकिंग, रबरी माउंट आणि पेट्रोलची जुनी नळी एकाच खेपेला बदलून घ्या.

तोवर काय? मागून दिवसभरात दोन-चार थेंब पडत असतील, ऑइल विजेच्या भागात जात नसेल आणि गरम सायलेन्सरवर पडत नसेल, तर खाली ट्रे ठेवून, दर वापराआधी पातळी बघून मोसम काढता येतो. सायलेन्सरवर ऑइल पडत असेल तर मात्र एक दिवसही चालवू नका.

काम झाल्यावर

ताजं ऑइल मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यानुसार भरा. अर्धा तास लोडवर चालवा, थंड होऊ द्या, पातळी बघा, पावडर मारलेले जोड पुन्हा तपासा. काढलेलं ऑइल बंद डब्यात भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या, बहुतेक मोठी दुकानं ते फुकट घेतात. यापुढे गाडी अंगणात उभी असली तरी महिन्यातून एकदा तास-दोन तास अर्ध्या लोडवर जनरेटर चालवा. सील ओले राहतात, रिंगा चिकटत नाहीत, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकत नाही. चालवलेले तास आणि भरलेलं ऑइल एका वहीत लिहीत जा. गळती वाढतेय का, हे जमिनीवरच्या डागापेक्षा त्या वहीतून आधी कळेल.